आंतरपिकातले सोयाबीन आणि घरचे पॅटिस

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आमची शिवारफेरी नदीकाठच्या गटात होती. अडसाली लागणीत सोयाबीन टोकलेले एक झकास रान दिसले म्हणून थांबलो. नेहमीच्या सवयीने एक झाड खुरप्याने मुळासकट उकरले, मुळावरची माती पाटाच्या पाण्यात खळबळून काढली आणि एक गाठ नखाने फोडून जमलेल्या मंडळींना दाखविली. आत तांबडीलाल. नखालाही लाली लागली. रानमालक सभासदांच्या मातोश्री भांगलणीच्या बायकांबरोबर बांधावर बसल्या होत्या. त्या उठून आल्या, निरखून बघितले आणि म्हणाल्या, "अगं बया! साहेब, ह्यात रगात हाय व्हय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण आजींच्या बोलण्यात चूक फार थोडी होती.

सोयाबीनच्या मुळावर रायझोबियम जातीचे जिवाणू घर करून राहतात, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगत आलो आहोत. ते हवेतले नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देते. सहकारी तत्त्वावरचा व्यवहार म्हणा ना. अडचण एकच. नत्र पकडण्याचे काम जिवाणूतले जे विकर करते, ते प्राणवायू लागला की निकामी होते. आणि जिवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच. ह्यावर झाडाने तोड काढली आहे. गाठीच्या आत एक तांबडा पदार्थ तयार होतो. तो प्राणवायूला धरून ठेवतो आणि लागेल तेवढाच, बेताबेताने सोडतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन हेच काम करते. फुफ्फुसात प्राणवायू धरायचा आणि अंगभर नेऊन सोडायचा. म्हणून गाठीतल्या ह्या पदार्थाला लेगहिमोग्लोबिन असे नाव आहे. कुबो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने तो १९३९ साली ओळखला. रक्तात काय आणि गाठीत काय, लाली एकाच भागाची असते. त्याला 'हीम' म्हणतात आणि त्याच्या मधोमध लोहाचा अणू असतो.

एवढे सांगून आम्ही पुढच्या रानाकडे निघणार, तोच त्या सभासदांचा मुलगा म्हणाला, "साहेब, अमेरिकेत ह्याच गाठीतलं काहीतरी घालून बर्गर करतात. मी खाऊन बघितलाय. कापला की लाल पाणी सुटतं, आणि मटण तर त्यात औषधालाही नसतं." मुलगा बंगलोरला नोकरीस असतो, कंपनीच्या कामाने तिकडे जाऊन आलेला आहे. तरी आम्हांला ते खरे वाटेना. घरी आल्यावर वाचून काढले. खरेच निघाले.

परदेशातला पॅटिस

बर्गर म्हणजे गोल पाव मधून चिरून त्यात ठेवलेली खिम्याची चपटी वडी. ह्या वडीला तिकडे पॅटी म्हणतात. आपण पॅटिस म्हणतो. अमेरिकेत ती गाईच्या मांसाची असते. वनस्पतीपासून तशी वडी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांनी तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठापासून स्पंजासारखा, तंतुमय पदार्थ काढला. आपल्याकडे किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्या मिळतात, त्या त्याच. लंडनमध्ये १९८२ साली ग्रेगरी सॅम्स ह्यांनी पाणी घालून थापायचे कोरडे मिश्रण 'व्हेजबर्गर' नावाने बाजारात आणले. पण हे सगळे शाकाहारी माणसांसाठी होते. मांस खाणाऱ्याला मांसच वाटेल असा पॅटिस करायची जिद्द अलीकडची. बियाँड मीट ह्या २००९ साली निघालेल्या कंपनीने वाटाण्याच्या प्रथिनापासून तो केला आणि रंगासाठी बीटाचा रस घातला. पॅट्रिक ब्राउन हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी २०११ साली इम्पॉसिबल फूड्स कंपनी काढली. मांसाचा रंग आणि वास मुख्यतः हीममुळे येतो, आणि हीम तर सोयाबीनच्या गाठीतही आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. २०१६ साली त्यांचा पॅटिस न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ताटात आला.

आता गाठी गोळा करायला एवढे सोयाबीन कोण उपटणार? म्हणून त्यांनी गाठीतल्या पदार्थाचा जनुक एका यीस्टमध्ये घातला आणि ते यीस्ट टाक्यांत वाढविले. डिस्टिलरीत मळी आंबवणारे यीस्ट आपल्याला ठाऊक आहे. हे त्याचे भाऊबंद. टाकीतून तांबडा रस निघतो आणि तो पॅटिसात जातो. भाजताना तो मांसासारखाच लालाचा तपकिरी होतो. आमच्या आजी माळकरी आहेत. त्यांना आम्ही मागाहून हे सगळे समजावून सांगितले, की हे रक्त नव्हे, जनावराचा त्यात संबंध नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आसंल. पर मला कशाला रगातावानी दिसायला पायजे?" त्यांचेही बरोबर आहे.

बाकीचा पॅटिस कशाचा असतो हे शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे. मुख्य भाग सोयाबीनच्या काढलेल्या प्रथिनाचा. त्यात खोबरेल आणि सूर्यफुलाचे तेल. खोबरेलच का? तर थंडीत बाटलीतले खोबरेल थिजते हे आपण बघतो. गार पॅटिसात ते चरबीसारखे घट्ट राहते आणि तव्यावर पडले की वितळून मिश्रण रसरशीत करते. सगळे एकत्र धरून ठेवायला मिथाइल सेल्युलोज नावाची भुकटी. सेल्युलोज म्हणजे आपल्या बगॅसमधला मुख्य घटक. लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून ही भुकटी करतात. तिचा गुण उफराटा आहे. बहुतेक पदार्थ तापले की पातळ होतात. ही तापली की घट्ट होते आणि निवली की सैल पडते. म्हणून तो पॅटिस तव्यावर फुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

ताकदीचे बोलायचे तर २०१९ साली आलेल्या त्यांच्या ११३ ग्रॅमच्या एका पॅटिसात १९ ग्रॅम प्रथिने होती, म्हणजे भरपूर. पण स्निग्धांश १४ ग्रॅम, त्यातला ८ ग्रॅम खोबरेलासारखा थिजणारा, आणि सोडियम ३७० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मीठ. वनस्पतीपासून झाला म्हणून तो आपोआप पथ्याचा होत नाही. तिकडे तो निघाला गाई कमी पाळाव्यात, जमीन आणि पाणी वाचावे म्हणून. त्यांची अडचण अति मांसाची आहे. आमची अडचण वेगळी आहे, आणि ती आम्हांला घरातच सापडली.

पाच पोती आणि एक मुलगी

त्याच वर्षीच्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. गावाकडच्या आमच्या एकरभर अडसालीतले सोयाबीन निघाले, पाच पोती भरली. पाचही पोती ट्रॉलीतून आडतीला गेली. त्याच आठवड्यात आमची थोरली मुलगी, अकरावीत आहे, जिना चढताना धापा टाकते म्हणून तिला तालुक्याला डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.२. बारा तरी असायला हवे. डॉक्टरांनी विचारले, मुलगी दिवसभर काय खाते? आम्ही सौ.कडे बघितले, सौ.नी आमच्याकडे बघितले. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कॉलेजच्या फाटकापाशी वडापाव, रात्री भात आणि पातळ आमटी. घरात अंडे चालत नाही. डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुम्ही लोकांच्या रानाची माती तपासून देता ना?" पुढे ते काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि कडधान्य वाढवायला सांगितले. मागाहून आम्ही ऊसनोंदीला ज्या ज्या घरी गेलो, तिथे सहज विचारत गेलो, की आंतरपिकातले किती घरी ठेवले? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. हरभरा पायली-दोन पायली ठेवतात. सोयाबीन? "ते काय खायाचं आसतंय काय साहेब, ते कोंबड्यास्नी जातंय." आणि ते खरेच आहे. देशातल्या बहुतेक सोयाबीनचे तेल निघते आणि पेंड कोंबडीखाद्याला किंवा परदेशी जाते. म्हणजे आपल्या उसाच्या सरीत पिकलेले सगळ्यात ताकदीचे धान्य आपण विकतो आणि त्या पैशातून पोरांना बटाटा आणि पाव घेऊन देतो. वडापावला आम्ही नावे ठेवत नाही, आम्हांलाही आवडतो. पण शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिन दीड-दोन ग्रॅम. वड्यात जे काही आहे ते वरच्या बेसनाचे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या हिशेबाने मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते. पंचावन्न किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम, पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. वाढत्या वयाच्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर जास्त काळजी घ्यावी लागते. कोरड्या सोयाबीनमध्ये शंभराला ३६ ते ४० ग्रॅम प्रथिन असते. आख्ख्या हरभऱ्यात १९-२० च्या आसपास, मुगाच्या डाळीत २४. शिवाय गहू-ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो कडधान्यात भरपूर असतो. आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यात असते. सोयाबीनचा दर्जा ह्या बाबतीत बाकीच्या कडधान्यांहून सरस. भाकरी-उसळ ही जोडी आपल्या वाडवडिलांनी शास्त्र न वाचता लावलेली आहे. पॅटिस आणि पाव ही तीच जोडी, कपडे बदललेली.

एक खुलासा येथेच करून टाकतो, नाहीतर गैरसमज होईल. गाठीतली लाली गाठीतच राहते, ती दाण्यात येत नाही. दाण्यात लोह आहे, शंभर ग्रॅमला आठ मिलिग्रॅमच्या आसपास, पण ते मांसातल्या हीमच्या लोहासारखे अंगी लागत नाही. कडधान्यातले फायटेट त्याला अडवून धरते. लिंबू पिळून खाल्ले तर जास्त लागते. जेवणावर लगेच चहा प्याला तर कमी. म्हणून पॅटिस खाऊन रक्त वाढले असे आम्ही कुठेही सांगणार नाही. रक्त वाढविले गोळ्यांनी. तीन महिन्यांनी मुलीचे हिमोग्लोबिन ११.४ झाले, त्याचे श्रेय गोळ्यांचे आणि जेवणानंतरचा चहा बंद केल्याचे. पॅटिस आम्ही धरला तो प्रथिनासाठी, आणि मुलगी उसळीला तोंड लावत नव्हती म्हणून.

आमची फजिती

नव्या उत्साहात माणूस चुकतो. जानेवारीत महिला सभासदांचा हळदीकुंकवाचा मेळावा होता. आम्ही ठरविले की भाषण कमी आणि पॅटिस जास्त. डाळवड्याला डाळ भिजवून कच्चीच वाटतात, तसे सोयाबीन रात्री भिजवून सकाळी वाटले, मिरची-मीठ घातले आणि तळायला सोडले. "शिजवून तरी घ्या," असे सौ. दोनदा म्हणाल्या. आम्ही डिप्लोमा झालेले, आम्ही कशाला ऐकतो? पहिला घाणा कढईत फुटून त्याचा चुरा झाला. दुसरा कसाबसा निघाला. त्याला हिरवट, गवतासारखा वास. बायकांनी साहेबांचा मान म्हणून खाल्ले. दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात निरोप यायला लागले, कुणाचे पोट फुगले, कुणाला जुलाब. त्या दिवसापासून दोन गावांत आमचे नाव सोयाबीनसाहेब पडले आहे.

कारण नंतर कळले, आणि ते प्रत्येक घरात माहीत पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये एक द्रव्य असते, ट्रिप्सिन इनहिबिटर, जे पोटात प्रथिनाचे पचन होऊ देत नाही. ते ओल्या उष्णतेने, म्हणजे पाण्यात चांगले उकळून शिजविल्यानेच मोडते. तळताना बाहेरचा भाग लाल होतो, पण आतला भाग पुरेसा वेळ तापत नाही. हरभऱ्याचे भिजवून वाटलेले वडे चालून जातात, सोयाबीनचे नाहीत. आणि तो हिरवट वास? दाणा वाटला की त्यातले एक विकर आणि तेल एकत्र येतात व वास सुटतो. दाणा वाटण्याआधीच उकळत्या पाण्यात पडला तर ते विकर मरते आणि वास येत नाही. थंड पाण्यात टाकून हळूहळू तापवले तरी थोडा वास राहतोच. पाणी आधी उकळायचे, दाणा नंतर टाकायचा. एवढीशी गोष्ट, पण ह्याच गोष्टीमुळे कितीतरी घरांतून सोयाबीन एकदा करून कायमचे हद्दपार झाले असेल.

आता घरात ठरलेली रीत

चारदा बिघडल्यावर सौ.नी आणि मुलीने बसवलेली ही रीत आहे. आमचा वाटा वजन-मापापुरता.

सोयाबीन शंभर ग्रॅम आणि हरभरा शंभर ग्रॅम, निवडून, वेगवेगळे, आठ-दहा तास भिजवावे. उन्हाळ्यात पाणी एकदा बदलावे, नाहीतर फेस येतो. भिजल्यावर ते पाणी ओतून द्यावे. सोयाबीन हाताने चोळून साले वर आणावीत आणि काढावीत. राहिली थोडी तर राहू द्या. मग कुकरमध्ये पाणी खळखळा उकळले की त्यात दोन्ही टाकावे, झाकण लावावे आणि शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावे. दाणा दोन बोटांत सहज दबला पाहिजे. मीठ आता नाही, नंतर.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत तीच चुकते. शिजलेले दाणे चाळणीत अर्धा तास निथळावेत, मग पंचावर पसरून वारा लावावा. पॅटिस फुटतो तो पाण्यामुळे. मिश्रणात पाणी राहिले की तव्यावर त्याची वाफ होते आणि ती पॅटिस फोडून बाहेर पडते. निथळलेले पाणी मात्र फेकू नये, आमटीला घ्यावे.

आता दाणे कुटायचे. मिक्सरमध्ये गंध करू नये. खलबत्त्यात किंवा पाट्यावर, निम्मे बारीक, निम्मे भरड. भरड कण दाताखाली येतात म्हणून खाणाऱ्याला काहीतरी खाल्ल्यासारखे वाटते. गंध केला तर पॅटिस आतून चिखलासारखा लागतो. त्यात एक मध्यम उकडलेला बटाटा, तोही गार झालेला, डाळव्याचे पीठ दोन मोठे चमचे, तव्यावर कोरडे भाजलेले ज्वारीचे पीठ दोन मोठे चमचे. परतून कोरडा केलेला एक कांदा. कच्चा कांदा घातला तर तो मिठाने पाणी सोडतो आणि मघाची सगळी मेहनत वाया जाते. आले, लसूण, हिरवी मिरची, जिरे, हिंग, ओवा, कोथिंबीर ज्याच्या त्याच्या घरच्या हाताने. हिंग आणि ओवा मात्र वगळू नये, कडधान्याचा वात त्याने आटोक्यात राहतो. मीठ बेताने.

मळून झाले की गोळा झाकून तासभर थंड जागी ठेवावा. फ्रिज असेल तर फ्रिजात. परदेशी पॅटिसातली भुकटी तापली की घट्ट होते असे वर सांगितले. आपल्या पॅटिसात धरून ठेवण्याचे काम बटाट्याचे आणि पिठाचे, आणि ह्यांचा स्वभाव उलटा. ते निवले की घट्ट होतात. गरम मिश्रणाचा पॅटिस थापला तर तो तव्यावर पसरतो. गार मिश्रणाचा थापला तर तो जागेवर राहतो. आमच्या मुलीने हे आमच्याआधी ओळखले होते, हे कबूल केलेले बरे.

दहा पॅटिस होतात. तळहाताला तेल लावून, करंगळीएवढे जाड, कडा दाबून गुळगुळीत करावे. कडेला चीर राहिली की फूट तिथूनच पडते. बिडाचा तवा मध्यम तापवावा, चमचाभर तेल सोडावे, आणि पॅटिस ठेवल्यावर चार मिनिटे त्याला हात लावू नये. खालून कवच धरले की तो आपणहून तवा सोडतो. त्याआधी उलथने घातले तर निम्मा तव्याला राहतो. वरचा तांबूस-तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो प्रथिन आणि साखर कोरड्या आचेवर एकत्र आल्याने. गुऱ्हाळात काकवीला रंग चढतो त्यात ह्या क्रियेचाही वाटा असतो. तव्यावर ओल असेपर्यंत हा रंग येत नाही. म्हणून पुन्हा तेच, मिश्रण कोरडे हवे.

हिशेब केला तर एका पॅटिसात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन पडते. दोन खाल्ले की बारा. अमेरिकेतल्या पॅटिसाची बरोबरी त्याने होत नाही, कारण त्यांच्याकडे प्रथिन वेगळे काढून घट्ट केलेले असते आणि आपल्याकडे आख्खा दाणा, त्यातले पाणी आणि चोथा आहे. पण तो चोथाही पोटाला हवाच असतो आणि खोबरेल आपल्यात नाही. किराणा दुकानातल्या सोयाबीन वड्या वापरल्या तर काम सोपे होते: उकळत्या पाण्यात दहा मिनिटे, मग दोन-तीनदा घट्ट पिळून कुटायच्या. पुडीवर शंभराला ५० ग्रॅमच्या वर प्रथिन लिहिलेले असते, ते कोरड्या वडीचे. भिजल्यावर ती अडीच-तीन पट होते, तेव्हा हिशेब भिजलेल्या वजनावर करावा. ह्यात बरेच जण फसतात.

खायचा कशाबरोबर? मुलीला पावातच हवा असतो; मध्ये कांद्याची चकती, टोमॅटो, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबू. आम्ही भाकरीत गुंडाळून खातो. आजींनी पाठवलेल्या डब्यात तो आमटीत सोडलेला होता, सांडग्यासारखा, आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत चांगला तोच लागला. ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी खाऊ नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन ह्यांत काही तासांचे अंतर ठेवावे, डॉक्टरांना विचारावे. बारावे जीवनसत्त्व, बी-१२, कुठल्याच डाळीत नसते. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच यायचे. मुलाच्या वाट्याचे दूध डेअरीला घालून त्याला पॅटिस खाऊ घालायचा, असा ह्या लेखाचा अर्थ कुणी काढू नये.

येत्या हंगामासाठी

घरी ठेवायचे तर आधी पिकले पाहिजे, तेव्हा आमच्या खात्याचे चार शब्द. अडसालीची सरी साडेचार फुटांची काढावी आणि सोयाबीन वरंब्याच्या बगलेला टोकावे. ते जुलैच्या मध्यापर्यंत टोकून झालेले बरे. लांबले तर मोठ्या बांधणीच्या वेळी अडचण होते. जे. एस. ३३५ सारखा शंभर दिवसांच्या आत-बाहेर येणारा वाण घ्यावा. पूर्वहंगामीत हरभरा, सुरूत भुईमूग किंवा चवळी. काही मंडळी म्हणतात की सोयाबीन केले की उसाचा युरिया वाचतो. तसे छातीठोक सांगता येत नाही, कारण पकडलेले बरेच नत्र दाण्याबरोबर पोत्यात जाते. पाला आणि मुळे रानात राहतात, तेवढा फायदा नक्की.

आणि युरिया. उसाचा पहिला हप्ता देताना हात सैल सुटतो, सोयाबीनच्या मुळाशीही पडतो, आणि झाडाला आयते नत्र मिळाले की ते गाठी धरीत नाही. कशाला पोसेल ते जिवाणू? खत उसाच्या ओळीतच, मातीआड द्यावे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक झाड उकरून गाठ फोडून बघावी. लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू नाही, हिरवट-तपकिरी असेल तर संपले.

जिवाणूखताचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्यास पुरते. बुरशीनाशक लावायचे तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी टोकावे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही, जिवाणू वेगळे आहेत. पाकिटे मे अखेरीस गट ऑफिसात येतील, चिटबॉयकडून निरोप मिळेल. नेताना मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नये. नदीकाठच्या आजींनी दोन पाकिटे आतापासून आपल्या नावावर लिहून ठेवायला सांगितली आहेत.